छपराखालचं छप्पर

मी छप्पर बोलतोय. वर बघू नका. मी खाली आहे.

दारातून आत आलात की डाव्या हाताला, तुमच्या कमरेपाशी मी सुरू होतो आणि डोक्याच्या जरासा वर जाऊन संपतो. तुम्ही आत्ता वर पाहिलंत ते या कार्यशाळेचं छप्पर. ते खरं. मी सरावाचा. व्याकरणानं बघितलं तर मी ‘ते छप्पर’, तेव्हा ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण तसं म्हटलं की माणसांना लहान मूल बोलतंय असं वाटतं आणि ती कौतुकानं मान वाकडी करून ऐकतात. म्हणून बोलतोय.

माझा जन्म सुतारकामाच्या वर्गात झाला. वासे कापताना एकानं माप घेतलं, दुसऱ्यानं ते ऐकलं आणि तिसऱ्यानं कापलं. त्यामुळे माझा एक वासा आखूड आहे. त्याला खालून तुकडा जोडलाय. निम्म्या अंगावर कौलं, निम्म्यावर पत्रा, कारण शिकणाऱ्यांना दोन्ही यायला हवं. खऱ्या घरावर असं कुणी केलं असतं तर लोकांनी घरमालकाची कीव केली असती.

हे व्यवसाय शिक्षणाचं कॉलेज. पूर्वी इथे टंकलेखन आणि लेथ मशीन शिकवायचे. मग वरून कळलं की पुढचा काळ हरित कामांचा आहे. म्हणजे छपरावर सौर पॅनेल बसवणं, भिंतींना आतून अस्तर लावून घरातला गारवा किंवा ऊब टिकवणं, थोड्या विजेत जास्त काम करणारी यंत्रं जोडणं. प्राचार्यांना हे मनापासून पटलं. हरित म्हणजे नेमकं काय यावर पहिल्या वर्षी एकमत होईना, म्हणून त्यांनी आधी दारं हिरवी रंगवून घेतली.

माझं काम सोपं. शिकणारे शिडी लावतात, चढतात, भोकं पाडतात, पट्ट्या आवळतात, त्यावर पॅनेल बसवतात, तारा ओढतात. बाई येतात, सगळं हलवून बघतात आणि म्हणतात, "छान. आता काढा." मग ते सगळं काढतात. माझ्यावर बसलेल्या पॅनेलनी आजवर एक दिवाही लावलेला नाही, पण त्यांना कुणी बोलत नाही. माझी मात्र चाळण झाली आहे.

बाई म्हणजे इथल्या शिक्षिका. त्यांना नाव असणारच, पण सगळे बाईच म्हणतात, प्राचार्यसुद्धा. आधी त्या स्वतः छपरांवर काम करायच्या. आता डाव्या पायानं लंगडतात, आणि का लंगडता असं विचारायची कुणाची छाती होत नाही. त्यांचा एकच हट्ट. माझ्यावर चढायचं तर कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरी वरच्या हुकाला.

"बाई, एवढ्याशा उंचीवरून पडून काय होणार?" प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच.

"गुडघा खरचटेल."

"मग?"

"मग गुडघ्यासाठी बांध."

एका वर्षी भट्टीवाले आले. शहराबाहेरचं कोळशावरचं वीज केंद्र बंद झालं होतं आणि तिथल्या लोकांना नवं काम शिकायची इथे सोय केली होती. भट्टीवाले तिथे बॉयलर सांभाळायचे. अंगानं दांडगे आणि आवाज त्याहून दांडगा, कारण उभा जन्म यंत्रांच्या वर आवाज काढून बोलण्यात गेलेला. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचे. काहीही शिकवलं तरी म्हणायचे, "आमच्याकडे केंद्रावर असं नव्हतं." बाई म्हणायच्या, "नसेल," आणि पुढे शिकवायच्या.

स्वतःच्या पायांनी ते आलेच नव्हते. पहिल्या दिवशी बायको त्यांना दारापर्यंत सोडायला आली आणि ते आत गेल्यावरही थोडा वेळ दार अडवून उभी राहिली. ती घरी शिवणकाम करायची. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहूनच गेली होती.

"घरी बसून बसून यांनी चांगला चालणारा मिक्सर दुरुस्त केला," तिनं बाईंना सांगितलं. "आता तो चालत नाही. काल माझ्या शिलाई मशीनकडे बघत होते. म्हणून आणलं."

वर्गातलं शिकून झालं आणि एकेकाला माझ्यावर चढवायची वेळ आली, तशी भट्टीवाल्यांची तब्येत बिघडायला लागली. एकदा गुडघा. एकदा पाठ. एकदा त्यांनी शिडीच तपासायला घेतली आणि तास संपेपर्यंत तपासली. एकदा म्हणाले, "आधी या लहानांना जाऊ दे, त्यांचं शिकायचं वय आहे." आढेवेढे घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण एवढ्या सगळ्या बाजूंनी घेणारा माणूस पहिलाच.

शेवटी बाई म्हणाल्या, "भट्टीवाले, वर."

ते चढले. पट्टा बांधला, दोरी अडकवली, एकेक पायरी करत वर आले आणि माझ्या आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी आढं धरलं. मला आजवर पुष्कळांनी धरलंय, पण असं नाही. भोवऱ्यात सापडलेला माणूस ओंडका धरतो तसं. 

जेवणाची सुटी झाली. बाकीचे उतरून गेले.

"चला ना, काका," कुणीतरी म्हणालं.

"व्हा पुढे. मी जरा जोडणी तपासतो," भट्टीवाले म्हणाले. माझ्यावर तेव्हा एकही जोडणी नव्हती.

थोड्या वेळानं त्यांची बायको डबा घेऊन आली. घरी विसरून आले होते ते. तिनं रिकामी कार्यशाळा बघितली, मग वर बघितलं.

"जेवायला या."

"इथेच दे."

"वर?"

"काम चालू आहे."

"काय काम?"

भट्टीवाल्यांनी आढं आणखी आवळलं. "धरून ठेवायचंय."

"काय?"

"छप्पर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोवर सात-आठ तुकड्या कुणी न धरताच उभा होतो.  ती डबा काखेत मारून चपलांसकट शिडी चढली, पत्र्यावरून सरळ चालत गेली, स्वयंपाकघरात ओट्याकडून खिडकीकडे जावं तशी, आणि त्यांच्या शेजारी आढ्यावर बसली. डबा उघडून मांडीवर ठेवला. भट्टीवाल्यांनी एक हात सोडला. दुसरा नाही.

निम्मा डबा झाल्यावर ती म्हणाली, "केंद्राच्या त्या धुराड्यावर कसे चढायचात मग?"

"मी कधी चढलोच नाही. मी खालीच असायचो, बॉयलरपाशी."

"अख्ख्या आळीला मी सांगत आले, आमचे हे धुराड्यावर चढतात म्हणून."

"तू सांगायचीस. मी फक्त नाही म्हणायचो नाही."

तिनं डब्याचं झाकण लावलं. आधी स्वतः शिडीवर पाठमोरी उतरली, मग खालून एका हातानं त्यांचा घोटा धरून पाऊल पायरीवर ठेवायला लागली. "डावा. आता उजवा. आता परत डावा. ही जमीन." भट्टीवाल्यांचे डोळे मिटलेले होते.

दारात बाई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"तुम्ही दोरी न बांधता, चपला घालून माझ्या छपरावर चढलात," त्या भट्टीवाल्यांच्या बायकोला म्हणाल्या.

"चुकलं."

"फार चुकलं. उद्या बूट घालून या. तुकडीत एक जागा आहे."

ती खरोखर आली. नव्या बुटांत, मोजपट्टी घरी ठेवून. आणि त्या दिवसापासून नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं.

भट्टीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आपली फजिती जिनं पाहिली तिनंच आपल्याच वर्गात यावं, आणि वर चढून शिट्टी वाजवत पट्ट्या आवळाव्यात! "शिवणारीचं छपरावर काय काम?" ते हवेत बघून म्हणायचे. "तेच. तुकडे जोडायचे," ती पॅनेलकडे बघून म्हणायची. दोघांना मिळून हत्यारांची पेटी एकच होती, त्यामुळे पाना मागायलासुद्धा मध्ये तिसरा माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे हॅलो. ही मुलगी आधी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीत होती, म्हणून तिला सगळे हॅलो म्हणायचे. ती भट्टीवाल्यांसमोर उभी राहून म्हणायची, "आपल्या पत्नीला लहान पाना हवा आहे. आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहोत."

एकदा दोघी माझ्या पत्र्यावर बसून तारा सोलत होत्या. भट्टीवाले बाहेर होते. हॅलोनं विचारलं, "काकू, खरं सांगा, तुम्ही का आलात?"

"माझं मशीन भिंतीला लागून आहे. इतकी वर्षं भिंतीकडे बघून शिवलं. इथे वर आलं की लांबचं दिसतं."

खरं म्हणजे माझ्यावरून दिसते ती समोरची भिंत आणि तिच्यावरचं अग्निशामक नळकांडं. 

"मग मशीन खिडकीशी ठेवायचं ना," हॅलो म्हणाली.

"खिडकीशी यांची खुर्ची आहे."

शेवटची परीक्षा खऱ्या छपरावर असायची. त्या वर्षी एका दवाखान्याची दुमजली इमारत मिळाली होती. तिच्यावर तुकडीनं पॅनेल बसवायचे, आणि पुढे तिथली औषधं ठेवायची थंड कपाटं त्या विजेवर चालणार होती. दिवस ठरला, तसे भट्टीवाले एका दुपारी बाईंकडे आले. पट्टा काढून त्यांनी माझ्यावर ठेवला.

"मला मोकळं करा. इथे खाली अडकलो ते आपल्यातच राहिलं. तिथे रस्त्यावरचे लोक बघतील."

बाईंनी पट्टा उचलला नाही. स्टूल ओढून लंगडा पाय लांब करून बसल्या.

"मला उंचीचं काही वाटायचं नाही," त्या म्हणाल्या. "दोरी न बांधता धावायचे. एका घरावर कौल सरकलं. खाली जो होता तो चहा प्यायला गेला होता. मी किती वेळ पडून होते ते मला माहीत नाही."

भट्टीवाल्यांची नजर त्यांच्या पायाकडे गेली.

"मला खाली एक माणूस हवाय," बाई म्हणाल्या. "वर हात तारेला असेपर्यंत खालचा खटका बंद ठेवायचा. त्याला कुलूप घालायचं, किल्ली जवळ ठेवायची आणि जागेवरून हलायचं नाही. कंटाळवाणं काम आहे. मुलांना जमत नाही. ती मोबाइल काढतात."

"खालचं काम."

"तुम्ही इतकी वर्षं खालीच होतात ना? तिथे कधी बॉयलर सोडून गेलात?"

"कधीच नाही," भट्टीवाले जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनी पट्टा उचलला, सवयीनं घडी केली आणि खुंटीला अडकवला.

परीक्षेच्या दिवशी मी अर्थातच इथेच होतो. छप्पर सहसा कुठे जात नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी माझ्याभोवती जमली आणि हॅलोनं सांगितलं. लोकांचं ऐकून घ्यायची सवय असलेली माणसं सांगतातही चांगलं.

झालं होतं असं. दुपारपर्यंत पॅनेल बसले. भट्टीवाल्यांची बायको वर शेवटच्या तारा जोडत होती. बाई तिच्या शेजारी होत्या. तेवढ्यात प्राचार्य एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे मोठे होते, त्यांना पुढे आणखी एका ठिकाणी उद्‌घाटन होतं, आणि फोटो काढणारा तयार होता.

"चला, भट्टीवाले, उघडा ते कुलूप. पाहुणे खटका दाबतील," प्राचार्य म्हणाले.

"वरून अजून हो आलेलं नाही."

"येईल हो. पॅनेल बसलेले दिसतायत की!"

"वरून हो आलेलं नाही."

"अहो, खटका तर दाबायचाय!"

"माझी बायको वर आहे," भट्टीवाले म्हणाले. हॅलो म्हणाली, हे त्यांनी केंद्रातल्या आवाजात म्हटलं. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या.

प्राचार्यांनी हसत हसत हात पुढे केला, किल्ली घ्यायला. भट्टीवाल्यांचा एक हात कुलपावर होता आणि दुसऱ्या हातात किल्ली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि किल्ली तोंडात टाकली.

अडचणीच्या वेळी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. यांनी किल्ली धरली होती. प्राचार्य बोलत होते, पाहुणे घड्याळ बघत होते, फोटोवाला फोटो काढत होता, आणि भट्टीवाले गाल फुगवून खटक्यापुढे उभे होते. पाहुण्यांनी थोडी वाट पाहिली आणि ते निघून गेले. तरी हे हलले नाहीत.

मग वरून हाक आली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, मध्ये कुणी नसलेली.

"अहो, लावा!"

भट्टीवाल्यांना ओ देता आली नाही. त्यांनी किल्ली काढली, शर्टाला पुसली, कुलूप उघडलं आणि खटका दाबला. आत दवाखान्यातलं कपाट गुरगुरलं. भट्टीवाल्यांनी कान लावून ते ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे."

हॅलोचं सांगून होतंय तोच प्राचार्य कार्यशाळेत आले. चेहरा लाल.

"यांना पास करता येणार नाही," ते म्हणाले. "चार लोकांत शोभा केली. मी विचारतोय आणि हे तोंडात किल्ली धरून उभे!"

बाई म्हणाल्या, "सर, जरा वर चढता का?"

"कशावर?"

"या छपरावर. दोन मिनिटं."

प्राचार्य माझ्यावर कधीच चढले नव्हते. त्यांना पट्टा बांधला, दोरी अडकवली. ते वर येऊन उकिडवे बसले. बाईंनी माझ्यावरच्या तारेची दोन उघडी टोकं त्यांच्या दोन हातांत दिली, खाली उतरल्या आणि भिंतीवरच्या खटक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दाबू, सर?"

"थांबा! या तारा कशाला जोडल्यात?"

"खटका तर दाबायचाय."

"बाई, हात लावू नका! आधी मला ही टोकं खाली ठेवू द्या!"

 ती तार कशालाच जोडलेली नव्हती, इथली कुठलीच नसते, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. बाईंनी खटक्यावरून हात काढून घेतला.

"पॅनेलवर ऊन होतं, सर, म्हणजे तिच्या हातातल्या तारांत वीज होती. त्या या तारेसारख्या नुसत्या नव्हत्या. एक जोड उघडा असताना खालून चालू केलं असतं, तर ठिणगी तिच्या बोटांत पडली असती."

प्राचार्यांनी टोकं खाली ठेवली. उतरले. पँटला हात पुसले. भट्टीवाल्यांसमोर येऊन उभे राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि गेले. भट्टीवाले पास झाले.

सगळे पांगल्यावर नवरा-बायको पेटी आवरायला मागे राहिले. पेटीतले पाने जागेवर लागले.

"किल्ली तोंडात कशाला घालायची?" ती म्हणाली. "किती जणांचे हात लागले असतील तिला."

"धुतली होती."

"कधी?"

भट्टीवाल्यांनी पेटी बंद केली. "नव्हती धुतली," ते म्हणाले.

ती हसली नाही. पण पेटीची दुसरी कडी तिनं धरली आणि दोघं ती उचलून घेऊन गेले. एकट्यानं सहज उचलता येते ती पेटी.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी दोघं बाईंना भेटायला आले. आता ते एकत्रच काम करतात, ती वर आणि हे खाली. बंद पडलेल्या वीज केंद्राच्या जागेवर पॅनेल बसवायचं काम निघालं होतं आणि त्यात बॉयलरच्या इमारतीचं छप्परही होतं. भट्टीवाले माझ्या आढ्याला कोपर टेकून सांगत होते.

"जन्मभर त्या छपराखाली होतो. वर काय असतं बघितलंच नव्हतं. म्हणून हिला खालून ओरडून विचारलं, काय दिसतं गं?"

"मी म्हटलं, आपलं घर दिसतं," ती म्हणाली. "गच्चीवर यांचा शर्ट वाळत घातलाय. एकाच चिमट्यावर लोंबतोय."

"मी म्हटलं, दोन लावायचे ना!"

"आणि वाळत घातला कुणी होता?" तिनं बाईंकडे बघत विचारलं.

भट्टीवाल्यांनी खिशातला पाना काढला, बघितला, परत ठेवला.

"मी," ते म्हणाले.

आता माझंही वय झालंय. पत्र्यात भोकांपेक्षा पत्रा कमी उरलाय. आखूड वाशाचा जोड हलतो. सुतारकामाचा वर्ग माझी मापं घेऊन गेलाय, आणि या वेळी एकच माणूस मापही घेणार आहे आणि कापणारही आहे असं ऐकतो. नवा कुणी आला की मला मागच्या अंगणात नेतील. त्याबद्दल तक्रार नाही.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्या घरावर कधी कुणी पॅनेल बसवायला आलं, तर खाली एक माणूस नुसता उभा दिसेल. हा काहीच करत नाही असं तुम्हाला वाटेल. त्याला चहाला बोलावू नका. ‘झालं का, झालं का’ करत त्याच्या मागे लागू नका. त्याला उभं राहू द्या.

बरं, शिडी लागली. नव्या तुकडीतली कुणी मुलगी दिसतेय, दोन्ही हातांनी शिडी आवळून धरलीय तिनं, आणि पहिल्याच पायरीवर थांबली आहे. मला आता गप्प बसायला हवं. माणूस वर येत असताना छपरानं बोलू नये.